हजेरीपट, उतार आणि डबा : शाळेतल्या समतेबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी विषय दिला होता ‘शाळेतली समता’. तात्त्विक पत्रे मोजून दोन आली. बाकी सगळी हजेरीपटाची, उताराची, डब्याची, नाचाच्या कपड्यांची. आम्हाला ते बरोबरच वाटते, कारण भेदभाव भाषणात होत नाही, तो अशाच ठिकाणी होतो. पत्रे आटोपशीर केली आहेत. नावे आणि शाळा गाळल्या आहेत.

प्रश्न : शिष्यवृत्तीची माहिती भरायची वेळ आली की आमच्या जिल्हा परिषद शाळेत वर्गातच विचारतात, ‘सवलतीची मुले कोण? हात वर करा.’ मला ते पटत नाही, पण माहिती तर भरावीच लागते. दुसरा मार्ग काय? (शिक्षिका, लातूर जिल्हा)

उत्तर : माहिती भरावी लागते हे खरे, पण ती वर्गात विचारावी लागत नाही. संवर्ग (जातीचा प्रवर्ग), उत्पन्न, बँक खाते यांतले बरेचसे जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या मुख्य नोंदवहीत) आणि प्रवेशाच्या कागदांत आधीच असते. जे नसते ते पालकांकडून घ्यायचे. नऊ वर्षांच्या पोराला आपला संवर्ग नीट ठाऊक नसतो, त्यामुळे हात मोजून केलेली यादी चुकतेच. म्हणजे मूल चारचौघांत उघडे पडते आणि काम पुन्हा करावे लागते ते वेगळेच.

जूनमध्ये वर्गातल्या सगळ्या मुलांना एका पानाचा अर्ज आणि लिफाफा द्या. सगळ्यांना, हे महत्त्वाचे. निवडक दहा जणांच्या हातात पिवळा कागद दिसला की हात वर केल्यासारखेच झाले. लिफाफा बंद करून आठ दिवसांत कार्यालयात. ज्यांचा आला नाही त्यांच्या पालकांना फोन. मुलीला वर्गात उभे करून ‘तुझा दाखला अजून आला नाही’ हे नको. मागासवर्गीय मुलींसाठीची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा होते. मग परिपाठात लाभार्थ्यांची नावे वाचण्याचे कारणच उरत नाही. वस्तू वाटायच्या असतील तर कार्यालयातून, पालकाच्या हाती. पाहुण्यांबरोबरचा फोटो टाळता आला तर फारच उत्तम.

आता हजेरीपट उघडा. काही शाळांत मुलींची नावे अजून लाल शाईने लिहितात, आधी सगळे मुलगे आणि मग मुली. संवर्गाची नोंद कार्यालयातल्या रजिस्टरला लागते. रोज वर्गात टेबलावर उघड्या पडणाऱ्या वहीत तिचे काय काम? सगळ्यांची एकच यादी, पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने. पहिल्या नावाचा आग्रह अशासाठी की आडनावावरून जात ताडण्यात आपला हात कुणी धरणार नाही. ‘ए कांबळे’, ‘ए जोशी’ अशी हाक मारण्याची शिक्षकांची सवयही त्याच जातीची आहे. वर्गात दोन समीर असतील तर वडिलांच्या किंवा आईच्या नावाचे आद्याक्षर जोडा.

एवढे करूनही कुणी मूल दुसऱ्याला ‘सरकारचा जावई’ म्हणेलच. ते घरून ऐकून आलेले असते. त्याच तासाला, दोन वाक्यांत थांबवा. लांबलचक व्याख्यान दिले तर ज्याला बोलले गेले तो मुलगा आणखी अर्धा तास सगळ्यांच्या नजरेत राहतो. बाकीचे बोलणे दोघांशी वेगवेगळे, मधल्या सुट्टीत. आणि असे शब्द शिक्षकाच्याच तोंडून निघत असतील तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 आहे. त्यात छडीबरोबर मानसिक छळही निषिद्ध आहे, आणि शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

प्रश्न : मुलाला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. शाळा ‘अ‍ॅक्टिव्हिटी फी’ मागते. ‘सरकारने आमचे पैसे दिले नाहीत’ असे सांगते. संगणकाच्या तासाला आरटीईच्या मुलांना वर्गातच बसवतात. तक्रार केली तर मुलाला काढतील ही भीती. (पालक, पुणे)

उत्तर : काढू शकत नाहीत. कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम 12 खाली आलेल्या मुलांचे वर्ग वेगळे भरवायचे नाहीत, वेळ वेगळी ठेवायची नाही, आणि पुस्तके, गणवेश, वाचनालय, संगणक, खेळ यांत फरक करायचा नाही, हे नियमांतच लिहिले आहे. प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या फीपोटी शासनाने शाळेला द्यायची रक्कम, हा शाळा आणि शासन यांच्यातला व्यवहार. ती रखडते, शाळांची ती तक्रार खोटी नसते. पण थकलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क त्यातून तयार होत नाही.

पालकांचे चुकते ते बहुधा एकाच जागी: सगळे तोंडी चालते. फाटकावर बोलणे, व्हॉट्सअ‍ॅप गटावर राग, आणि कागद एकही नाही. आधी मुख्याध्यापकांना अर्ज द्या. तारीख, मागितलेली रक्कम, कोणी मागितली, संगणकाचे कोणते तास चुकले, एवढेच लिहा, विशेषणे नकोत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शाळा शिक्का देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पैसे भरावेच लागले असतील तर पावती मागा; ‘देणगी’ लिहिलेली असली तरी चालेल, ती पुरावाच आहे. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचे शिक्षण विभाग यांच्याकडे. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. त्याच शाळेतले चार-पाच पालक एकत्र सही करत असतील तर एकट्या मुलावर रोख राहत नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात ठेवा. ही सोय आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी सुरू होते, आणि दरवर्षी कित्येक घरांना ते एप्रिलमध्ये कळते. सातवीतच शाळेला नववीची फी लेखी विचारा आणि जवळच्या अनुदानित शाळाही पाहून ठेवा.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत व्हीलचेअर वापरणारी विद्यार्थिनी येणार आहे. व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, सहा फुटांचा रॅम्प पुरेल. पुरेल का? (मुख्याध्यापक, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : नाही. सहा फुटांत तो रॅम्प न राहता घसरगुंडी होईल. हिशेब सोपा आहे. एक पायरी 15 सेंटिमीटर धरली तर तीन पायऱ्यांची उंची 45. उताराचे प्रमाण 1:12 हवे, म्हणजे 45 गुणिले 12, 540 सेंटिमीटर. जवळपास 18 फूट. सहा फुटांत 45 सेंटिमीटर चढवले तर प्रमाण 1:4 होते. त्यावर मुलगी स्वतः चढू शकत नाही, आणि मागून ढकलताना खुर्ची उलटण्याची भीती असते. मग शिपाई तिला उचलून नेऊ लागतो आणि महिनाभरात ती शाळा बुडवू लागते. वयात आलेल्या मुलीला रोज कुणी उचलणे तिला नकोसे होते, हे कुणी बोलून दाखवत नाही.

वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटर सपाट जागा सोडा, नाहीतर वर पोहोचल्यावर दार उघडायला खुर्ची थांबतच नाही. अंगणात सरळ 18 फूट मिळत नसतील तर मधे दीड मीटरचा सपाट टप्पा देऊन उतार वळवा. रुंदी 1.2 मीटरपेक्षा कमी नको. दोन्ही बाजूंना कठडे, प्रत्येक बाजूला दोन दांड्या, एक 70 आणि एक 90 सेंटिमीटर उंचीवर. कडेला चार बोटे उंच कडा, चाक बाहेर जाऊ नये म्हणून. फरशी मुळीच नको. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरते आणि चालती माणसेही आपटतात. काँक्रीट ओले असताना खराट्याने आडव्या रेघा ओढा, तेवढे पुरते. पागोळ्यांचे पाणी रॅम्पवर पडत असेल तर आधी पन्हळ लावा.

पुढचा अडथळा उंबरा. तो 12 मिलिमीटरपेक्षा उंच असला की पुढची लहान चाके अडतात. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर, तीही दार पूर्ण उघडल्यावर मोजलेली.

स्वच्छतागृहात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. निधी येतो, भारतीय पद्धतीचे भांडे बसते, बाजूला एक चकचकीत दांडी लागते आणि बाहेर व्हीलचेअरचे चित्र. व्हीलचेअरवरून तिथे बसणार कसे? कमोडच हवा, साधारण खुर्चीच्या बैठकीइतक्या उंचीचा, म्हणजे 45 ते 48 सेंटिमीटर. आत खुर्ची वळायला दीड मीटरचे वर्तुळ मोकळे, दार बाहेर उघडणारे, कडी बसल्या हाताला लागेल अशी. आणि किल्ली शिपायाच्या खिशात नको. बांधल्यावर दोन महिन्यांनी आत जाऊन पाहा. खराटे, ब्लीचिंग पावडरचे डबे आणि गेल्या वर्षीचे बॅनर तिथे नसले म्हणजे मिळवली.

बिनपैशाचे काम सर्वांत आधी करा: तिचा वर्ग तळमजल्यावर आणा. ‘नववी नेहमी वरच असते’ हा काही नियम नव्हे. पैशांसाठी गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष तज्ज्ञांना भेटा, आणि ग्रामपंचायतीलाही विचारा. स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करणे तिच्यावर बंधनकारक आहे, आणि मार्च जवळ आला की तो निधी खर्चायचा कुठे हा प्रश्न तिलाही पडलेला असतो.

प्रश्न : आम्ही धुळ्याकडचे. मुलगा वर्गात ‘पानी’ म्हणाला की सगळे हसतात. बाई म्हणतात, घरी शुद्ध बोला. आता तो बोलायचाच बंद झाला आहे. (आई, नाशिक)

उत्तर : बाईंना हे दाखवा. अहिराणीत आणि वऱ्हाडीतही ‘ण’च्या जागी सर्रास ‘न’ येतो. त्यात आळस नाही आणि जिभेचा दोषही नाही. त्या बोलीची ती रीतच आहे. पुस्तकात ‘मला’. अहिराणीत ‘माले’, वऱ्हाडीत ‘मले’, मालवणीत ‘माका’, गोव्याच्या कोकणीत ‘म्हाका’. पाचही आपापल्या जागी नियमाने चालतात. शाळेने मुलाला पुस्तकी मराठी द्यायची ती जास्तीची म्हणून. घरची काढून घ्यायची नाही. गंमत अशी की याच वर्गात बहिणाबाईंची कविता आली की सगळे माना डोलावतात, आणि तशाच वळणाचे बोलणारा मुलगा बाकावर बसलेला असला की हसतात.

वर्गात करायचे काय? मूल बोलत असताना वाक्य तोडायचे नाही. तो म्हणाला, ‘बाई, पानी सांडलं’, तर बाईंनी म्हणायचे, ‘कुठे पाणी सांडलं? फडकं आण, पुसून घेऊ.’ बस. दुरुस्ती ऐकवली गेली आणि बोलणे पुढे सरकले. ‘पानी नाही, पा-णी, म्हण बघू तीनदा’ असे केले की पुढच्या वेळी पाणी सांडलेले तो सांगणारच नाही. उच्चाराचा सराव हवा तर सगळ्या वर्गाला मिळून, रोज पाच मिनिटे, जोड्यांनी: सन–सण, मन–मण. वाक्ये त्यांनाच करू द्या. लिहिण्यातला न–ण मराठीच्या पेपरात तपासा. विज्ञानात ‘बाष्पीभवनाने पानी आटते’ लिहिले तर गुण पूर्ण द्यायचे, कारण प्रश्न बाष्पीभवनाचा होता.

भिंतीवर एक तक्ता लावा. डावीकडे पुस्तकातला शब्द, पुढे वर्गात जितक्या बोली तितके रकाने. शब्द मुलांनी घरून आणायचे, आठवड्याला दहा. नाशकातल्या वर्गात खानदेश, कोकण, मराठवाडा आणि बंजाऱ्यांची गोरमाटी सहज सापडेल. हा तक्ता दोन आठवडे चालला की हसणारी मुलेच आजीला फोन करून शब्द विचारू लागतात.

तुमच्यासाठी एकच सांगणे: घरी ‘शुद्ध’ बोलायला जाऊ नका. माणूस परक्या भाषेत जपून बोलू लागला की कमी बोलतो, आणि मुलाच्या कानावर भाषाच कमी पडते. अहिराणीत भरपूर बोला, गोष्टी सांगा, भांडासुद्धा.

मेळघाटातल्या एका गुरुजींचे पत्रही याच धर्तीचे आहे, पण त्यांचा प्रश्न वेगळा समजून घ्यायला हवा. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा कुळातली. गोंडी आणि कोलामी द्राविड कुळातल्या. पहिलीतल्या कोरकू मुलासाठी मराठी ही परभाषाच आहे. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी असे राज्यघटनेचे कलम 350 क सांगते. पहिले तीन-चार महिने लिहिण्याची घाई नको. दोन-तीनशे रोजचे शब्द गावातल्या अंगणवाडी सेविकेच्या मदतीने देवनागरीत उतरवून घ्या, चित्रे काढा, आणि मुलांनी आपल्या भाषेत सांगितलेल्या वाक्यांवरूनच वाचन सुरू करा. मुलांना काही येत नाही असे वाटत असते तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला त्यांची भाषा येत नसते.

प्रश्न : वर्ग झाडणे आणि रांगोळी मुलींकडे, बाके उचलणे मुलांकडे. बदलायला गेले तर पालकच नाराज. (शिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : हजेरी क्रमांकाने पाळी लावा आणि तक्ता दाराला चिकटवा. 1 ते 5 सोमवारी, 6 ते 10 मंगळवारी. त्या गटाने त्या दिवशीचे सगळेच करायचे, झाडणेही आणि बाकेही. क्रमांक बोलू लागला की नाराजीला धरायला माणूस सापडत नाही. स्वच्छतागृह साफ करायला मात्र कोणालाच पाठवायचे नाही. ते काम ‘नेमके’ कोणत्या मुलांच्या वाट्याला येते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. तोंडी सगळे येते, लिहिताना अक्षरे उलटसुलट. शाळा म्हणते, दहावीच्या वेळी बघू. (वडील, ठाणे)

उत्तर : दहावीच्या वेळी उशीर झालेला असतो. ही अध्ययन अक्षमता असू शकते, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र खासगी समुपदेशकाचे चालत नाही. अधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचे लागते. तुम्हाला जवळची म्हणजे मुंबईत सायन, केईएम, नायर. तिथे आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. हे एका फेरीत होत नाही, आणि नंबर लागायलाच कधी महिने जातात. म्हणून आत्ता, नववीच्या पहिल्या सहामाहीतच नाव नोंदवा. जाताना पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके आणि दोन-तीन वह्या न्या. मुलीचे नाव आधार कार्डावर आणि जनरल रजिस्टरमध्ये अक्षरश: सारखे आहे ना ते पाहा, ‘वेलांटी पहिली की दुसरी’ यावर कागद परत आलेले आहेत.

प्रमाणपत्र मिळाल्यावर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज जातो. दर तासामागे 20 मिनिटे जास्त मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घ्यायचा तर तो खालच्या इयत्तेतला हवा. आणि इथेच गफलत होते: लेखनिक पहिल्यांदा भेटतो तो परीक्षेच्या दिवशी. सांगून लिहून घेणे ही वेगळीच कला आहे. कुठे नवा परिच्छेद, कोणत्या शब्दाखाली रेघ, आकृतीत कुठे काय, हे सगळे बोलावे लागते. सहामाहीपासून किमान पाच-सहा पूर्ण पेपर त्याच लेखनिकाबरोबर सोडवून घ्या.

वर्गशिक्षिकेला सांगण्यासारख्या गोष्टी: अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नका, उतारा आदल्या दिवशी सांगा. फळ्यावरचे उतरवून घेण्यात तिची सगळी शक्ती जाते, तिला छापील टिपण द्या. ‘इतकी हुशार, पण आळशी’ हे वाक्य प्रगतिपुस्तकात पुन्हा नको.

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या वर्गातली निम्मी मुले ऊसतोडीला जातात, एप्रिलमध्ये परततात. पट टिकवायचा कसा? (शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : नोव्हेंबरमध्ये हातात काही उरत नाही, काम सप्टेंबरचे आहे. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की घराचा हिशेब ठरलेला असतो: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि धाकटे सांभाळायला मोठी मुलगी बरोबर. म्हणून गळती आधी पाचवी-सहावीतल्या मुलींची होते. उचलीच्या आधी घरोघर जाऊन यादी करा: कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, मागे आजी-आजोबा आहेत का. मागे राहू शकणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्या. आजीच्या घरी झोपणे आणि वसतिगृहात दोन वेळचे जेवण अशी सोय बहुतेक घरांना पटते. मुलींच्या बाबतीत संध्याकाळी घरी सोडायला कोण जाणार हे आधी ठरले तरच.

जी जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून द्या आणि मूल कुठवर वाचते, वजाबाकी हातच्याची येते का, हे दोन ओळींत नेमके लिहा. ‘समाधानकारक’ या शब्दाचा पलीकडच्या शिक्षकाला काही उपयोग नाही. नाव पटावरून कमी करू नका. कारखान्याजवळच्या शाळांनी लक्षात ठेवावे की दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, सत्र अर्धे संपले, यांतले एकही कारण प्रवेश नाकारायला चालत नाही, आणि वर्ग वयानुरूपच द्यायचा. परत आलेल्या मुलांना मागच्या बाकावर ‘पाहुणे’ करून ठेवू नका. पहिल्या आठवड्यात तोंडी चाचणी, मग दोन महिने रोज एक तास वेगळा, तोही परिपाठाच्या किंवा खेळाच्या वेळेत नाही. खेळाचा तास हीच त्यांची पुन्हा रुळण्याची जागा असते.

प्रश्न : शाळेने डब्यात अंडी-मासे आणायला बंदी केली आहे. ‘वास येतो’ हे कारण. योग्य आहे का? (पालक, रायगड जिल्हा)

उत्तर : वासाचे कारण दिले की नेमकी कोळ्यांची आणि आगऱ्यांची मुले वेगळी काढली जातात, हिंगाच्या फोडणीला किंवा मुळ्याच्या भाजीला कुणी वास म्हणत नाही. शाळेला काळजी असेलच तर नियम सगळ्यांना सारखे लावता येतात: खिडक्या उघड्या, काटे-साली कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, जेवणाआधी आणि नंतर साबणाने हात, आणि कोणी कोणाला खायचा किंवा वाटून घ्यायचा आग्रह करायचा नाही. ज्याला शेजारच्या डब्याचा त्रास होतो त्याला जागा बदलू द्या, पण डबा आणणाऱ्याला उठवू नका.

पोषण आहाराच्या पंगतीतही हेच पाहा. पहिली ते पाचवीला प्रत्येकी 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30. कागदावर माप सारखेच असते. पण पातेल्यातली डाळ खाली बसते, वरचे पाणी पहिल्या रांगेला जाते आणि दाट आमटी शेवटच्या, किंवा वाढणारा ढवळून मर्जीतल्यांना दाट देतो. पंगतीची सुरुवात रोज वेगळ्या टोकाकडून करा, आणि प्रत्येक वेळी पळी तळापासून ढवळा. घरून ताट आणणाऱ्या मुलांची वेगळी रांग आपोआप तयार होत असेल तर ती मोडा.

प्रश्न : परिपाठात एका धर्माची प्रार्थना होते. माझ्या मुलाने हात जोडले नाहीत म्हणून त्याला बाहेर उभे केले. (पालक, औद्योगिक वसाहत)

उत्तर : घटनेच्या कलम 28 प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. लेखी कळवा. शाळेने त्याला रांगेतच शांत उभे राहू द्यावे. बाहेर काढणे, दप्तरे राखायला बसवणे ही शिक्षाच झाली.

प्रश्न : स्नेहसंमेलनाच्या नाचाला प्रत्येकी आठशे रुपये भाडे. ज्यांनी दिले नाहीत ती मुले प्रेक्षकांत. शिवाय आमच्या वर्गातला व्हीलचेअरवरचा मुलगा दरवर्षी ‘निवेदक’. (वर्गशिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : भाड्याचे कपडे बंद करा. घरच्या नऊवारी, फेटे, घोंगडी, शाळेचा पांढरा शर्ट, एवढ्यात लेझीम, भारुड, कोळीगीत सगळे बसते. जे जास्तीचे लागते ते शाळेच्या पेटीत ठेवा, दरवर्षी वाढत जाईल. भूमिकांची चिठ्ठी टाका. नाहीतर गोरी मुलगी भारतमाता आणि सावळा मुलगा रावण हे ठरलेलेच आहे. वर्गातल्या चाळीसच्या चाळीस जणांना काही ना काही काम मिळेल असाच कार्यक्रम निवडा.

निवेदकाचे कारण तुमच्याकडचा रंगमंच आहे, तो मुलगा नाही. माइक खाली ठेवता येतो, नाच वर असतो, म्हणून त्याच्या वाट्याला माइक. रंगमंच 60 सेंटिमीटर उंच असेल तर 1:12 च्या हिशेबाने 7.2 मीटर उतार लागतो, आणि एका संध्याकाळीसाठी तो कोणी बांधत नाही. फळ्या टाकून चढवायला जाऊ नका, त्या सरकतात. त्यापेक्षा कार्यक्रमच मैदानात खाली घ्या. मधे दहा बाय दहा मीटरची जागा चुन्याने आखा, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी, पुढच्या रांगा सतरंजीवर. लेझमीच्या गोलात व्हीलचेअरला दोन माणसांइतकी जागा सोडा, आणि सराव पहिल्या दिवसापासून त्याच मैदानावर करा, कारण मातीत चाक वळायला किती वेळ लागतो ते वर्गातल्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.